‘ड्रॅक्युला’ मुळाबरहुकूम पडद्यावर आणायचा तर

प्रश्न थोडक्यात असा: ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’वरून दोन तासांचा भयपट करायचा आहे, शक्य तेवढा पुस्तकाला धरून. कादंबरी सगळी रोजनिश्या, पत्रं आणि तारांमधून उलगडते, तर या कागदांचं पडद्यावर काय करायचं? काय गाळलं तर चालेल? आणि पुस्तकाला धरून लिहिलेल्या पटकथा लूसीच्या, म्हणजे काउंट ड्रॅक्युला जिचं रक्त पितो त्या तरुणीच्या, मृत्यूनंतर ढेपाळतात, त्या का?

तिन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. या पुस्तकाशी इमान राखायचं म्हणजे कोणाला काय, कधी कळतं हा क्रम राखायचा. किल्ला, जहाज, लूसी, पिशाचाच्या छातीत मारायची मेख या घटना तर बहुतेक रूपांतरांत आहेतच. भीती त्या क्रमात आहे, आणि पटकथा लिहिताना सगळ्यात आधी मोडतो तो हाच क्रम.

कसा, ते पाहा. पहिल्या चार प्रकरणांत, काउंटच्या किल्ल्यात गेलेल्या जोनाथन हार्कर या तरुण इंग्रज वकिलाबरोबर, आपल्याला काउंट काय आहे ते कळतं. त्यानंतर इंग्लंडमधल्या कोणालाही ते ठाऊक नाही. व्हिटबी या किनाऱ्यावरच्या गावाच्या दफनभूमीतून लूसीला घरी आणल्यावर तिच्या गळ्यावर दोन टोचे दिसतात, तेव्हा मीनाला (हार्करची वाग्दत्त वधू) वाटतं की शाल अडकवताना आपल्याच हातून पिन टोचली. पुढे बुडापेस्टमध्ये हार्कर आपली वही मीनाच्या हाती देतो आणि ती ती न वाचता कागदात गुंडाळून, फितीने बांधून, वर लाख लावून ठेवून देते. लूसीला पहिल्यांदा रक्त दिलं जातं ७ सप्टेंबरला, ती मरते २० सप्टेंबरला. मीना वही उघडते २३ तारखेला. म्हणजे लूसीला वाचवू शकली असती ती सगळी माहिती तिच्या जिवलग मैत्रिणीच्या सामानात मोहोरबंद पडून होती. पुस्तकाचं खरं इंजिन हे आहे. बहुतेक रूपांतरांत वहीचं पुडकंच नसतं. लूसीच्या उपचारांसाठी बोलावलेला डॉक्टर व्हॅन हेल्सिंग आल्या आल्या सगळं ओळखतो आणि मग उरते फक्त धावपळ.

म्हणून पटकथेला हात घालण्याआधी एक तक्ता करा. ३ मे ते ६ नोव्हेंबर, एका ओळीत एक नोंद. रकाने पाच: घटनेची तारीख, लिहिणारा, त्याला काय कळलं, त्याचा काय गैरसमज झाला, आणि ती नोंद दुसऱ्या कोणी कधी वाचली. शेवटचे दोन रकाने भरायला कंटाळा येतो, पण काम त्यांचंच आहे. ते भरले की कुठला प्रसंग काढला तर काहीच बिघडत नाही आणि कुठला काढला तर पुढचे तीन कोसळतात, हे आपोआप दिसतं. एक सावधगिरी मात्र हवी. तारखा हाताशी आल्या की सगळं तारखेप्रमाणे लावायचा मोह होतो. लूसीला एकाच दिवशी तीन मागण्या येतात तो दिवस २४ मेचा, हार्कर तेव्हा किल्ल्यात अडकलेला आहे. मग किल्ला आणि लंडन आलटून पालटून दाखवूया, असं सुचतं. ते करू नका. स्टोकरने तारखा मागेपुढे होऊ दिल्या, पण किल्ला सलग ठेवला. मध्ये एकदा जरी दिवाणखाना आणि चहाचे कप दिसले, तर हार्करबरोबर कोंडलेला प्रेक्षक सुटतो आणि परत आत जात नाही.

आता मिनिटं. कादंबरी सुमारे १ लाख ६० हजार शब्दांची, २७ प्रकरणांची. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात, तेव्हा तुमच्याकडे १२० ते १२५ पानं आहेत. माझी वाटणी अशी: किल्ल्याला ३० मिनिटं, जहाज आणि व्हिटबीला मिळून २०, लूसीचं आजारपण, मृत्यू आणि थडगं याला ३२, कागद एकत्र येणं, मीनावरचा हल्ला आणि लंडनमधली शोधाशोध याला २५, पाठलाग आणि शेवट १८. पुस्तकात किल्ला चार प्रकरणांचा, म्हणजे सातव्या हिश्शाहून थोडा जास्त. मी त्याला जवळजवळ चौथा हिस्सा देतो, कारण काउंट दीर्घकाळ समोर बसून बोलतो तो तिथेच. संवाद जसेच्या तसे उचलून काम भागेल असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक नोंद: खुद्द स्टोकरने प्रकाशनाच्या आठवडाभर आधी, १८ मे १८९७ रोजी, लंडनच्या लायसियम थिएटरमध्ये कादंबरीचं नाट्यवाचन करवून घेतलं होतं. नाट्यहक्क राखण्यापुरती ती सोय होती. मजकूर बराचसा पुस्तकातूनच कापून चिकटवलेला होता आणि वाचन तासन्‌तास चाललं. स्टोकरच्या हयातीत ते नाटक म्हणून पुन्हा उभं राहिलं नाही.

रोजनिश्यांसाठी सरसकट व्हॉइसओव्हर लावला की चित्रपट ऐकण्याचा कार्यक्रम होतो. नियम एकच ठेवा: लिहिणारा जिथे चुकतोय, तिथेच त्याचा आवाज वापरा. पडद्यावर दोन टोचे आणि कानावर मीनाचं “माझ्याच हातून पिन लागली” – इथे आवाजाने चित्राला छेद दिला. पडद्यावर वादळ आणि कानावर “वादळ भयंकर होतं” – हे कापा. बाकी सगळीकडे लिहिणं ही कृती म्हणून दाखवा, पुस्तकात ती तशीच आहे. काउंट हार्करकडून १२, १९ आणि २९ जून अशा पुढच्या तारखांची तीन पत्रं लिहून घेतो; हार्करला तिथेच आपल्या मरणाची तारीख कळते. या प्रसंगाला संवाद जवळजवळ लागतच नाही, टेबल, दौत आणि तीन तारखा पुरतात. हार्करने मीनाला लघुलिपीत लिहिलेलं पत्र काउंटच्या हाती पडतं, ते त्याला वाचता येत नाही, म्हणून तो चिडून ते जाळतो. हार्करची वही टिकते ती काउंटच्या हाती न लागल्यामुळेच, हे प्रेक्षकाला न सांगता समजलं पाहिजे. वेड्यांचं इस्पितळ चालवणाऱ्या डॉ. स्यूअर्डची रोजनिशी फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर आहे. त्याचा आवाज वापरायचा तर तो त्या यंत्रातून आल्यासारखा, खरखरीत आणि अरुंद करा. मग तो व्हॉइसओव्हर राहत नाही, खोलीतली वस्तू होतो. मीना ही नळकांडी ऐकून टाइप करते. त्या दृश्यात एका बाईने एका पुरुषाचं खाजगी दुःख त्याच्याच आवाजात ऐकलेलं असतं, आणि ते नंतर दोघांच्या वागण्यात दिसतं. पुस्तकातल्या सर्वांत नाजूक जागांपैकी ही एक, आणि रूपांतरांत ती क्वचितच दिसते.

फोनोग्राफ, प्रवासी टाइपरायटर, कोडॅक कॅमेरा, तारा, रेल्वेची वेळापत्रकं, विंचेस्टर बंदुका या वस्तू त्या काळच्या वाचकाला कोऱ्या करकरीत होत्या. कलादिग्दर्शनाने त्यांना गंजलेलं, धूळ खाल्लेलं रूप दिलं की पुस्तकाचा सूरच बदलतो. लंडनमधली प्रत्येक वस्तू नवी, चकचकीत, नीट चालणारी दाखवा. जुनाट असेल तो फक्त काउंट.

काउंट कमी दिसतो, यावर निर्मात्याशी भांडण होणार, तयारी ठेवा. इंग्लंडमध्ये तो बहुतेक वेळा खिडकीबाहेरचा आकार, धुकं, लांडगा किंवा कोणी ओझरता पाहिलेला उंच माणूस असतो. चौथ्या प्रकरणानंतर तो ठळकपणे बोलतो ते दोनदाच: मीनावर हल्ला करताना आणि लंडनमधल्या पिकॅडिलीच्या घरातून निसटताना. मोठा नट घेतला की त्याला जास्त दृश्यं हवीत म्हणून काउंट आणि मीनाचं प्रेम, पूर्वजन्मीची पत्नी वगैरे आत येतं. पुस्तकात यातलं काहीही नाही. मीनावरचा प्रसंग हा उघड बळजबरीचा आहे, शेजारी नवरा बेशुद्धासारखा पडलेला असताना. तो तसाच ठेवला तर पुढचा पाठलाग कशासाठी आहे हे कोणाला समजवावं लागत नाही. नटासाठी सौदा असा करा: किल्ल्यातली ३० मिनिटं पूर्ण त्याची. घरात नोकर नाहीत हे हार्करला कळतं ते काउंट स्वतः टेबल मांडताना आणि अंथरूण घालताना दिसतो तेव्हा; तिथून बग्गीवानही तोच होता हे लक्षात येतं. उत्तम नट या एका प्रसंगासाठी चित्रपट घेईल.

पिशाचाचे नियम एका पानावर लिहून दिग्दर्शक, छायाचित्रकार, मेकअप आणि वेशभूषा या चौघांना द्या, नाहीतर इतर चित्रपटांतले नियम नकळत शिरतात. पुस्तकातला काउंट उन्हाने मरत नाही. २२ सप्टेंबरला तो भर दिवसा पिकॅडिलीत उभा आहे. दिवसा त्याची रूप बदलण्याची ताकद मर्यादित होते, एवढंच. उन्हात विरून जाणं आलं ते १९२२ च्या जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’तून, ज्याच्यावर स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि प्रती नष्ट करण्याचा आदेश मिळवला. उभ्या कॉलरचा झगा १९२० च्या दशकातल्या रंगभूमीचा. पुस्तकातला काउंट उंच, म्हातारा, पांढऱ्या मिशांचा, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांतला, जुळत आलेल्या जाड भुवयांचा, टोकदार कानांचा. तळहाताच्या मध्यावर केस, ओठांवर आलेले दात, श्वासाला दुर्गंधी. तो आरशात दिसत नाही, त्याची सावली पडत नाही, घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय तो पहिल्यांदा आत येऊ शकत नाही, आणि वाहतं पाणी भरती-ओहोटीच्या ठरावीक वेळीच ओलांडतो. सावली न पडण्याचा नियम छायाचित्रकाराला छळतो. सोपी वाट अशी की काउंट असलेल्या चौकटीत भिंत जवळ ठेवायची नाही, आणि मेणबत्तीच्या उजेडात हार्करची सावली मात्र मुद्दाम मोठी पाडायची. एक सावली ठसठशीत दिसली की दुसरीची उणीव प्रेक्षकच हेरतो.

गाळण्याबद्दल. १९७७ सालची बीबीसीची अडीच तासांची निर्मिती पुस्तकाच्या फार जवळची मानली जाते, पण तिनेही आर्थर (लूसीचा होणारा नवरा) आणि क्विन्सी (तिला मागणी घालणारा अमेरिकन) यांचा एकच माणूस केला आणि मीना-लूसीला बहिणी केलं. म्हणजे पात्रं जोडण्यात पाप नाही. तरी आर्थर-क्विन्सी जोडण्याआधी शेवट तपासा: काउंटला मारताना एकजण मरतो आणि तो लूसीचा होणारा नवरा नाही. दोघे एक केले की आर्थरला मारावं लागतं किंवा कोणीच मरत नाही; दोन्हींत शेवट हलका पडतो. मी दोघांना ठेवतो आणि क्विन्सीला संवाद कमी देतो, तसाही तो मितभाषी आहे. लूसीला चौघे रक्त देतात: आर्थर, स्यूअर्ड, व्हॅन हेल्सिंग, क्विन्सी. दोन दाखवली, दोन नुसती सूचित केली तरी चालतं, पण रक्त दिल्यामुळे ती जणू आपली पत्नीच झाली असं आर्थर म्हणतो तेव्हा बाकीचे तिघे गप्प राहतात, हे जाऊ देऊ नका. आणि कोणाच्याही तोंडी रक्तगट घालू नका. लँडस्टायनरचा शोध १९०० नंतरचा आहे.

पटकथेतून सगळ्यात आधी गाळली जाते ती लूसीची आई, आणि ती मोठी चूक असते. तिचं हृदय कमजोर म्हणून तिला काही सांगितलेलं नाही; सांगितलेलं नाही म्हणून ती लसणाची फुलं काढून खिडकी उघडते. पुन्हा तोच अडलेल्या माहितीचा धागा. व्हॅन हेल्सिंगची तारही तशीच: पत्त्यात परगणा न लिहिल्यामुळे ती भलतीकडे जाते, २२ तास उशिरा पोचते, आणि त्याच रात्री लांडगा खिडकी फोडतो. या दोन गोष्टींना मिळून चार मिनिटं लागतात. त्यासाठी मजूर, वकील आणि घरांचे दलाल यांच्याशी झालेल्या सगळ्या भेटी खुशाल काढा, प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदाराची मुलाखतही काढा.

रेनफिल्डला, स्यूअर्डच्या इस्पितळातल्या रुग्णाला, नुसता माश्या खाणारा वेडा म्हणून ठेवायचं असेल तर ठेवूच नका. पुस्तकात तो दार आहे: मीना वेड्यांच्या इस्पितळात राहायला येते आणि काउंटला त्या इमारतीत बोलावून घेतो तो रेनफिल्ड. माश्या, कोळी, चिमण्या आणि मग मांजराच्या पिल्लाची मागणी ही चढती भाजणी एका दृश्यात, मीनाशी अत्यंत सभ्यपणे बोलणं दुसऱ्यात, सुटकेची विनवणी तिसऱ्यात, मरताना कबुली चौथ्यात. एवढं पुरतं. तो ५९ वर्षांचा आहे, तरुण नट घेऊ नका.

जहाजाबद्दल फार लिहीत नाही. काउंटला इंग्लंडला आणणाऱ्या ‘डिमीटर’वर कप्तान धरून नऊ माणसं, कप्तानाची नोंदवही ६ जुलैपासून, आठ-नऊ मिनिटांत प्रत्येक वेळी जेवणाच्या टेबलावरचं एक ताट कमी होत गेलं की काम झालं. काउंटला तिथे पूर्ण दाखवू नका.

आता ढेपाळण्याचा प्रश्न. ३० सप्टेंबरच्या बैठकीत सगळ्यांना सगळं कळतं. माहितीचं कोडं सुटलं की या पुस्तकाचं बळ खरोखरच ओसरतं, आणि मग काउंट ज्यांत पडून राहतो त्या मातीच्या पेट्या मोजणं उरतं. उपाय पुस्तकातच आहे: माहिती पुन्हा अडते. पुरुष ठरवतात की यापुढे मीनाला काही सांगायचं नाही, आणि ती मौन पाळते तेवढ्याच दिवसांत तिच्यावर हल्ले होतात. तिची फिकट चर्या त्यांना थकवा वाटते. हे दृश्य लूसीच्या दृश्यांच्याच चौकटी वापरून घ्या, तोच कोन, तीच उशी. प्रेक्षक ओळखतो, माणसं ओळखत नाहीत. हल्ल्यानंतर उलटा प्रकार: मीनाचं मन काउंटला वाचता येईल म्हणून ती स्वतःच म्हणते, मला काही सांगू नका. सूर्योदय आणि सूर्यास्ताला तिला संमोहित करून पाण्याचा आवाज ऐकवून घेतात, आणि दिवसागणिक ती कमी बोलते. बेतशीर लिहिलं तर पाठलागाची १८ मिनिटं या तीन-चार संमोहनांवरच उभी राहतात. घोडे आणि नदी त्यांच्या मध्ये.

पेट्यांचा हिशेब मात्र चोख ठेवा, चुकला की पुस्तक वाचलेला प्रेक्षक तिथेच पकडतो. एकूण ५०. कारफॅक्स या काउंटने विकत घेतलेल्या घरात २९, माइल एंडला ६, बर्मंडसीला ६, पिकॅडिलीला ९. त्यातल्या ८ सापडतात, एक नाही. तीच एक घेऊन तो परत निघतो. पिकॅडिलीत हार्करच्या सुऱ्याने काउंटचा कोट फाटतो आणि नोटा व सोन्याची नाणी जमिनीवर ओघळतात. रक्त येईल असं वाटत असताना पैसे पडतात. हा शॉट क्लोजअपमध्ये आणि पार्श्वसंगीताशिवाय घ्या.

कंटिन्युइटीची, म्हणजे दृश्यांमधल्या सलगतेची, जी जागा जवळजवळ हमखास चुकते ती कपाळाची. किल्ल्यात पेटीतल्या काउंटवर हार्कर फावडं मारतो, त्याचा व्रण ऑक्टोबरमध्ये मीनाला लाल दिसतो. ३ ऑक्टोबरला पवित्र भाकरीचा स्पर्श होऊन मीनाच्या कपाळावर डाग उमटतो आणि तो काउंट मरेपर्यंत राहतो. त्याच सुमारास हार्करचे केस पांढरे होतात. शिवाय काउंट स्वतः तरुण होत जातो: पांढरे केस, मग करडे, लंडनमध्ये काळे आणि टोकदार दाढी. म्हणजे काउंटच्या मेकअपच्या तीन अवस्था, अधिक व्रण, हार्करच्या दोन, मीनाच्या दोन. शेड्यूल लोकेशनप्रमाणे लागतं, गोष्टीच्या क्रमाने नाही, म्हणून प्रत्येक दृश्याच्या शीर्षकातच अवस्थेचा क्रमांक टाका. दोन्ही व्रणांसाठी साचे करून ठेवा, रोज हाताने काढलेला व्रण रोज दोन मिलिमीटर सरकतो. दातांचे दोन संच करा, नटाच्या जबड्याच्या ठशावरून: बोलायचा पातळ, चावायचा मोठा. बोलायचा संच नटाला चित्रीकरणाच्या किमान आठवडाभर आधी द्या, नाहीतर सगळे ‘स’ आणि ‘श’ डबिंगमध्ये दुरुस्त करावे लागतात.

दाढीच्या आरशाचा शॉट दोन प्रकारे होतो. एक, कॅमेरा घट्ट रोवून काउंट असताना आणि नसताना अशी दोनदा चौकट घेऊन नंतर जोडणे. दुसरा, आरशाच्या जागी रिकामी चौकट आणि पलीकडे उलटी बांधलेली तीच खोली; कॅमेऱ्याकडे पाठ करून हार्करचा डमी, पलीकडून खरा हार्कर. दुसरा जास्त परिणाम देतो, कारण कॅमेरा हलू शकतो. पण पलीकडे सगळंच उलटं लागतं: शर्टाची बटणं, केसांचा भांग, वस्तरा धरलेला हात. भांग विसरला जातो.

भिंतीवरून डोकं खाली करून उतरणं: भिंत जमिनीवर आडवी बांधा, कॅमेरा वर टांगा. झग्याचं काय होईल ही चिंता असते. उभ्या भिंतीवर तो डोक्यावरून लोंबायला हवा. आडव्या सेटवर तो दोन्ही बाजूंना पसरून भिंतीला चिकटलेला दिसतो. स्टोकरने लिहिलंय तेही असंच, पंखांसारखा पसरलेला. गुरुत्वाकर्षण चुकलेलं दिसणं इथे फायद्याचं. केस मात्र आवळून बसवा, आणि चंद्रप्रकाश भिंतीच्या वरच्या कडेकडून आणा, कॅमेऱ्याच्या बाजूने नाही.

शेवट सूर्यास्ताचा आहे आणि तिथे मेख नाही: हार्करचा खुकरीसारखा सुरा गळ्यावर, क्विन्सीचा बोवी सुरा छातीत, एकाच क्षणी. मावळतीचा कामाचा उजेड दिवसाला २० ते ३० मिनिटं मिळतो, त्यामुळे हा प्रसंग चार-पाच संध्याकाळी विभागून घ्यावा लागतो. दुरून येणारे घोडेस्वार आणि गाडी खऱ्या मावळतीला घ्या. पेटीभोवतीचं सगळं जवळचं काम दुपारी, मोठ्या काळ्या कापडाने ऊन अडवून, एका बाजूने नारिंगी दिवा लावून. बर्फ असेल तर पावलांचे ठसे दुसऱ्या संध्याकाळी जुळत नाहीत. जवळच्या शॉट्सची जागा पन्नास-साठ पावलं सरकवून ठेवा. धूळ होण्याआधी काउंटच्या चेहऱ्यावर क्षणभर शांती येते असं मीना लिहिते. हे व्हीएफएक्सवर (संगणकावरच्या दृश्यकरामतींवर) सोडू नका, नटाचा चेहरा आधी पूर्ण घ्या, विरणं त्यानंतर.

हक्कांचं एवढंच: स्टोकर १९१२ साली वारला, पुस्तक मुक्त आहे. पण नंतरच्या चित्रपटांनी घातलेल्या गोष्टी, विशिष्ट मेकअप, संवाद, नवे प्रसंग, मुक्त असतीलच असं नाही. पटकथेच्या समासात प्रत्येक दृश्यासमोर पुस्तकातलं प्रकरण आणि तारीख लिहा. ज्या दृश्यासमोर काहीच लिहिता येत नाही ते तुमचं स्वतःचं आहे की कुठून तरी आठवलेलं, हे वकिलाने विचारायच्या आधी तुम्हीच तपासा.